नांव आणि अवयव

शास्त्रीय ग्रंथांत एखाद्या प्राण्याचा वर्ग एकदां छापला गेला म्हणजे तो कायमचा ठरला, आणि मागाहून तो बदलणें हा शास्त्राचा कमकुवतपणा होय, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. सुमारें पंचवीस कोटी वर्षांपूर्वीं नामशेष झालेल्या समुद्रविंचवांचा इतिहास पाहावा.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत सांपडलेला त्यांचा एक अश्मावशेष १८१८ सालीं सॅम्युअल मिचिल यांनीं मासा म्हणून गणला. १८२५ सालीं जेम्स डी के यांनीं त्याचे अवयव न्याहाळून तो मासा नव्हे, हें दाखविलें. परंतु त्यास खेकडा-कोळंबीच्या वर्गांत बसविलें. पुढें गेरहार्ड होल्म यांनीं बाल्टिक समुद्रांतील सारेमा बेटावरचे दगड आम्लांत विरघळवून आंतील पातळ कवच मोकळें केलें व १८९८ सालीं त्याचें बारीक वर्णन प्रसिद्ध केलें. आज हे प्राणी कोळी व विंचू यांचे निकटचे आप्त मानले जातात.

याहूनहि बोधप्रद गोष्ट अर्जेंटिनांतील आहे. तेथील सुमारें तीस कोटी वर्षांपूर्वींच्या एका अवशेषास मारिओ ह्यूनिकेन यांनीं १९८० सालीं 'मेगाराक्ने', म्हणजे महाकोळी, असें नांव दिलें. जगांतील सर्वांत मोठा कोळी म्हणून त्याची कीर्ति झाली. पुढें दुसरा अवशेष हातीं आला. त्याच्या कवचाची ठेवण व त्यावरील उंचवट्यांची नक्षी समुद्रविंचवांशीं जुळली. २००५ सालीं तो कोळी नसल्याचें जाहीर झालें, आणि त्या निबंधावर पॉल सेल्डन व होसे कोरोंका यांच्याबरोबर स्वतः ह्यूनिकेन यांचीहि सही होती! नामकरणाच्या नियमानुसार नांव मात्र 'महाकोळी' असेंच राहिलें.

कोणी म्हणेल, आज शिकलेलें उद्यां बदलणार असेल, तर शिकावें तरी कशाला? आमचें उत्तर असें कीं, बदलला तो निर्णय. दगडांतील अवयव होते तसेच आहेत. ज्यानें केवळ नांव पाठ केलें, त्याचें ज्ञान २००५ सालीं व्यर्थ झालें. ज्यानें अवयव पाहिले, त्याच्या ज्ञानांत भरच पडली. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांस "उत्तर काय?" एवढेंच न विचारतां "तें कशावरून?" असेंहि विचारीत जावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, नवा पुरावा पुढें आल्यावर आपला जुना निर्णय आपल्याच हातानें खोडण्यांत कमीपणा नाहीं, हें ह्यूनिकेन यांच्यापासून शिका.