हौस नव्हे, काम!

गोंदियात बायांनी घरोघरी विड्या वळल्या. लोक म्हणाले, 'फावल्या वेळचं काम.' १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मात्र घरी विडी वळणारीलाही कामगार मानलं.

आज आमच्या गटांतल्या मुली टी-शर्टवर स्वतःची चित्रं छापून विकू पाहतात. मागणी आली की तेवढाच शर्ट छापायचा. माल साठवायला नको. मला हे आवडतं. पण घरचे याला 'हौस' म्हणतात, आणि आपण कार्यकर्त्या 'जोडधंदा'! छपाईवाला आपला दर आधी घेतो. उरेल त्यात तिची जागरणं.

मैत्रिणींनो, किंमत ठरवताना छपाईच्या दराखाली तिचे तासही लिहा, पैसे तिच्याच खात्यात जाऊ द्या. बिनहिशोबी श्रमाची मजुरी आजवर कुणी दिलीय?