काळी एकचा वीकेंड

शुक्रवारी संध्याकाळी सहाला तुम्ही कम्प्युटर बंद करता, रिकामा डबा बॅगेत कोंबता आणि ‘हॅपी वीकेंड’ म्हणत लिफ्टकडे पळता ना? नेमका तेव्हाच माझा एक मित्र कामावर निघालेला असतो. तो तबला वाजवतो. हौस म्हणून नव्हे, घरभाडं भरायला. (‘तबलजी’ म्हटलेलं त्याला खपत नाही. ‘तबलावादक’ म्हणायचं!) गेल्या श्रावणातला एक वीकेंड मी त्याच्या मागे मागे फिरले. शुक्रवारी पुणे, शनिवारी नाशिक, रविवारी डोंबिवली. माझ्याकडे एक सॅक होती. त्याच्याकडे एक डग्गा, दोन तबले, हातोडी, पावडरचा डबा आणि पोतंभर काळजी.

दोन तबले कशाला, हे मलाही आधी कळत नव्हतं. तर प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी. साहेबांचा एक तबला काळी एकचा, दुसरा पांढरी चारचा. कीबोर्डवाले यांनाच सी शार्प आणि एफ म्हणतात. गजऱ्यावर हातोडीने वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. पण हे सगळं अर्ध्या-एक स्वरापुरतंच. त्यापुढे ताणलं तर पुडी फाटायची. थोडक्यात काय, काळी एकचं काम काळी एकनेच करायचं.

शुक्रवारी बाणेरच्या एका रेस्तराँमध्ये फ्यूजन बँड. स्टेज म्हणजे दोन टेबलं हलवून केलेली जागा, आणि तीही बरोब्बर एसीच्या झोताखाली. पुडी शेवटी बकऱ्याचं कातडंच. बाहेर पावसाने हवा दमट, तिथे ती सैल पडून सूर उतरतो. आत एसीने ताठ होते आणि सूर चढतो. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधे लोक फोटो काढत असताना पठ्ठ्या हातोडी घेऊन ठोकतोय. ‘हा पण परफॉर्मन्सचा भाग आहे का?’ असं शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलंच.

शनिवारी सकाळी आठला नाशिक. पुण्याहून नाशिकला रस्त्यानेच जायचं होतं. त्यामुळे एका गाडीत पाच जण, चाकणचं ट्रॅफिक, नारायणगावला मिसळ. पेटी डिकीत, तबले मात्र पायाशी आणि मांडीवर. बंद डिकीत उकाड्याने कातडं सुकतं, शाईला तडे जातात. आता शाई म्हणजे तो मधला काळा गोल. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे पातळ थर देत, एकेक थर दगडाने घोटत ती चढवतात. तबला सुरात बोलतो तो या गोलामुळे.

नाशिकला एका पतसंस्थेचा वर्धापनदिन होता, लॉनवर, मांडवात. मोकळ्या जागेत रात्री दहाला स्पीकर बंद. हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा दंडक. म्हणून सहाला सुरुवात ठरली आणि भाषणं संपता संपता साडेसात झाले. पावसाची ओल, वर डोक्याशी हॅलोजन. शेवटून दुसऱ्या गाण्यात काळी एक अचानक खरखरायला लागली. मला वाटलं माइक. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर माइक नव्हता. शाईचा टवका उडाला होता, नखाएवढा. हा टवका फेव्हिकॉलने चिकटत नाही. पुडीच बदलायची, आणि तीही कारागिराने.

आणि रविवारी सकाळी साडेदहाला डोंबिवलीत भावगीतांचा कार्यक्रम. गायक कोणत्या पट्टीचा? बरोबर. काळी एक.

त्या रात्री लॉजवर त्याने केलेले फोन मी मोजले. अकरा. ओळखीच्या ओळखीचा, गुरुबंधूचा विद्यार्थी, कुणाच्या तरी बहिणीचा क्लास. सगळ्या जगात नेटवर्किंगवर सेमिनार होतात. तबलेवाल्यांचं नेटवर्किंग रात्री साडेअकराला ‘दादा, काळी एक आहे का?’ एवढ्या एका वाक्यावर चालतं. बाराला डोंबिवलीतले एक सर हो म्हणाले. हा त्यांना आयुष्यात कधी भेटलेला नव्हता.

सातच्या सुमाराची पंचवटी एक्स्प्रेस, कल्याणला उतरून लोकल. नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी दहा वाजून वीस मिनिटांनी एक शाळकरी मुलगा स्कूटरच्या मागे बसून, पोटाशी तबला धरून आला. क्लासचा तबला. पुडी जाड, हाताला अनोळखी. पहिली दोन गाणी मित्र जरा जपून वाजवत होता, तिसऱ्याला खुलला. प्रेक्षकांना काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं, त्यांनी तिकीट काढलं होतं गायकासाठी.

पाकिटाबद्दल बोलायला तो लाजतो, म्हणून मी बोलते. ‘मानधन’ हा शब्द ज्याने काढला त्याने मोठा घोळ करून ठेवलाय. मान दिला की धन जरा कमी चालतं, असा आयोजकांचा समज झालाय. तुमच्या कंपनीचा लॅपटॉप बिघडला तर आयटीवाला येतो. टूरवर गेलात तर हॉटेलचं बिल लागतं. इथे तबला स्वतःचा, पुडी स्वतःची, नाशिक-कल्याण तिकीटही स्वतःचं. डोंबिवलीच्या आयोजकांना प्रवासखर्चाचं विचारलं तर ते अगदी निरागसपणे म्हणाले, ‘पण तुम्ही नाशिकहून येणार हे आम्हाला कुठे माहीत होतं?’ यांच्या मते वादक तिथेच विंगेत उगवतात.

तुमच्या ऑफिसच्या ॲन्युअल डेला यंदा लाइव्ह म्युझिक ठरवणार असाल, तर एवढं करा. बजेटच्या एक्सेल शीटमध्ये वादकांचा प्रवास ही वेगळी ओळ टाका आणि एसीचा झोत स्टेजवरून फिरवा.

संध्याकाळच्या गाडीत तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गाडीची वर्गणी, तिकीट, पुडी अशी बेरीज करत बसला होता. कर्जतला वडापाव घेतला तेव्हा तो आकडाही त्यात गेला. सोमवारी सकाळी आम्ही पेठेतल्या कारागिराकडे गेलो. त्याने पुडीवरून अंगठा फिरवला, टवक्याची जागा पाहिली आणि ‘गुरुवारी या’ म्हणाला. नवी पुडी मोकळी व्हायला पुढे काही दिवस रोज वाजवावी लागते. शुक्रवारी परत बाणेर होतं. मित्राने डोंबिवलीच्या सरांना फोन लावला.