आधी वाडी, मग नकाशा

प्राथमिक शाळेत 'आपली वस्ती' हा पाठ शिकविला जातो तेव्हा मुलांसमोर बहुधा दोन चित्रे ठेवली जातात. एकात विहीर, पार, शेत आणि कौलारू घरे. दुसऱ्यात उंच इमारती, रुंद रस्ते आणि मोटारी. पहिले खेडे, दुसरे शहर. परळच्या चाळीत किंवा गिरगावच्या वाडीत वाढणारे मूल या दोन्ही चित्रांत आपले घर शोधते आणि ते त्याला कोठेच सापडत नाही.

पुढची अडचण याहून मोठी आहे. गाव, तालुका, जिल्हा, राज्य अशी शिडी भूगोलाच्या प्रारंभी चढविली जाते. परंतु मुंबई शहर जिल्ह्यात तालुकाच नाही. १९९० साली उपनगर जिल्हा वेगळा झाला; अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके तिकडे आहेत. बालभारतीने तिसरीच्या वर्गासाठी जिल्हावार पुस्तके काढली, हे पाऊल योग्यच होते. तरीही लालबागच्या मुलासाठी जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा एक अरुंद पट्टा आणि त्यातील आपला भाग म्हणजे महापालिकेचा 'एफ दक्षिण' विभाग. एवढ्या कोरड्या अक्षरांतून आपुलकी कशी निर्माण व्हावी?

वस्ती का वसते, हे शिकविण्यासाठी खरे तर मुंबईच्या या भागाइतके समृद्ध पुस्तक दुसरे नाही. डोंगराच्या पायथ्याचे ते गिरगाव, अशी त्या नावाची फोड सांगितली जाते. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी ही नावे मोठ्याने उच्चारली तरी येथे एकेकाळी बागा आणि मळे होते, हे आठ वर्षांच्या मुलाला कळते. खोताची वाडी जमीनधारणेची गोष्ट सांगते. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला. वस्ती म्हणजे केवळ घरांची दाटी नव्हे, ती समाज घडविणारी जागाही असते, हा धडा तेथे मिळतो.

परळ-लालबागची कथा निराळी. १८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे गिरण्यांचे जाळे परळपर्यंत पसरले. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, चाळी उठल्या, खानावळी निघाल्या, गावोगावची मंडळे स्थापन झाली. व्यवसायामुळे वस्ती वसते आणि व्यवसाय गेला की ती बदलते, हे सूत्र १९८२ च्या संपानंतरच्या गिरणगावाने आपल्या अंगावर सोसून दाखविले आहे. दादरचा हिंदू कॉलनीचा भाग मात्र प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने नियोजनपूर्वक आखला. आपोआप वाढलेली वाडी, गिरणीभोवती उठलेली चाळ आणि आखून बांधलेली कॉलनी असे वस्तीचे तीन प्रकार काही किलोमीटरांच्या आत पायी फिरून पाहता येतात.

आणि ही वस्ती इंग्रजांनी वसविली, असा जो समज नकळत रुजतो, त्याचे उत्तरही परळमध्येच उभे आहे. १९३१ साली रस्त्याच्या कामात तेथे सापडलेले भव्य शैव शिल्प बारादेवी मंदिरात आहे. ते सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. परळच्या शाळेतील मुलाला ते शिल्प दाखविल्यावाचून मुंबईचा इतिहास शिकविला जात असेल, तर तो शिक्षणाचा दोष म्हटला पाहिजे.

नकाशाचेही तसेच आहे. नकाशा प्रथम भिंतीवर टांगला की उत्तर म्हणजे 'वर' अशी समजूत मुलाच्या मनात कायमची बसते. तो आधी जमिनीवर पसरावा आणि दिशेशी जुळवून घ्यावा. शिवडीच्या बाजूने सूर्य उगवतो, दादर-वरळीच्या समुद्रात मावळतो, एवढे एकदा अनुभवले की चार दिशा पाठ करण्याची गरज उरत नाही. मग घर ते शाळा ही वाट पावलांनी मोजावी आणि शंभर पावलांना एक बोट असे प्रमाण ठरवून कागदावर उतरवावी. भारतमाता सिनेमाचा चौक, मारुतीचे देऊळ, रेल्वेचा पूल, चिवडा गल्ली ही त्या नकाशातील चिन्हे. प्रमाण, दिशा आणि सूची ही नकाशाची तिन्ही अंगे येथे आपसूक शिकून होतात. दिवाळीत चाळीच्या अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले उंचसखल भूमीचा नकाशाच तर घडवीत असतात. शिक्षकाने त्यांना फक्त तसे सांगायचे आहे.

हातातील मोबाईल रस्ता दाखवीत असताना हा खटाटोप कशाला, असे पालक विचारतील. मोबाईलच्या पडद्यावर आपण सदैव मध्यभागी असतो आणि जग आपल्याभोवती फिरते. कागदावरच्या नकाशात मात्र आपली जागा आपल्यालाच शोधावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोने दादरहून गिरगावला थेट जाता येते. ही सोय स्वागतार्हच आहे. पण त्या प्रवासात मधले गाव दिसत नाही आणि डब्यातील तक्त्यावर अंतरेही खरी नसतात. तो तक्ता आणि नकाशा यांतील फरक मुलाला समजलाच पाहिजे.

यात संकुचितपणा आहे, असाही आक्षेप घेतला जाईल. परंतु आपली गल्ली ज्याला मांडता येते, त्यालाच जिल्हा, राज्य आणि भारतमातेचा विशाल नकाशा जिवंत वाटतो. अन्यथा देशाचा नकाशा परीक्षेत रंगविण्यापुरता उरतो.

या कामाला विलंब परवडणारा नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतील रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळीही त्याच वाटेवर आहेत. कष्टकरी कुटुंबांना प्रशस्त घर मिळावे, यात दुमत असूच शकत नाही. मात्र चाळ पडते तेव्हा तिच्यासोबत नावे, वाटा आणि ओळखीही पुसल्या जातात. अनेक मराठी कुटुंबे याआधीच डोंबिवली-विरारकडे गेली आहेत. उद्या बाविसाव्या मजल्यावरून खाली पाहणाऱ्या मुलाला तेथे काय होते, हे कोण सांगणार?

शाळेवर सर्व भार टाकून चालणार नाही. वस्ती हा संघकार्याच्या रचनेतील परिचित शब्द आहे. बालशाखेतील एक रविवार, आजोबांसोबतची एक फेरी आणि एक कोरा कागद एवढी सामग्री पुरेशी आहे. मुलाने आपल्या वस्तीचा नकाशा स्वतःच्या हाताने काढावा, आजी-आजोबांनी त्यात जुनी नावे भरावीत आणि तो घरात जपून ठेवावा. इमारती बदलतील, पण जे मूल आपली वस्ती जाणते, ते कोठेही गेले तरी परके होणार नाही.