शिकता शिकता कमाई

मुलांनो, ‘सीए व्हायला खूप पैसे लागतात का?’ असं वर्गातल्या एकीनं विचारलं. फी असतेच, पण बारावीनंतर फाउंडेशन आणि मग इंटरमिजिएटचे दोन्ही गट सुटले, की सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप! २०२३ पासून ती तीनऐवजी दोन वर्षांची झालीय. दरमहा विद्यावेतन मिळतं. थोडंच, पण हक्काचं. काम मात्र चिकाटीचं. बिलं वहीतल्या नोंदींशी ताडायची, गोदामात जाऊन माल मोजून बघायचा. मालक म्हणतो म्हणून खरं धरायचं नाही! परीक्षेत प्रत्येक विषयात ४० आणि गटात एकूण ५० टक्के हवेत. (पस्तिशीत खूश होणाऱ्यांनो, ऐकताय ना?) आणि आईबाबा, एखादा गट राहिला तर पुन्हा बसता येतं, घरात सुतक पाळू नका.