जादू चालते, मग कल्पना का खुपते?
धार्मिक भावना आणि अद्भुताचे जग : इंद्रायणीकाठच्या अनुभवातून एक दृष्टिक्षेप

पिंपरी, प्रतिनिधी : चाकण, तळवडे आणि भोसरीच्या कारखान्यांतून तिसऱ्या पाळीचे कामगार घरी परततात, त्याच सुमारास देहू आणि आळंदीच्या देवळांत काकड आरती सुरू झालेली असते. एका बाजूला वाहन उद्योगाचा पट्टा, दुसऱ्या बाजूला वारकरी संप्रदायाची दोन महत्त्वाची क्षेत्रे आणि मधून वाहणारी इंद्रायणी, असा हा परिसर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार १७ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर भारत आणि केरळमधून आलेली कुटुंबे शेजारीशेजारी राहतात. या घरांतील मुले हॅरी पॉटर वाचतात, मल्टिप्लेक्समध्ये अद्भुतपट पाहतात आणि आषाढात पालखीच्या दर्शनालाही जातात. त्यांना यात काही विसंगती वाटत नाही. मोठ्यांना मात्र मधूनमधून वाटते. पुस्तके मागे घेतली जातात, चित्रपटगृहांवर मोर्चे जातात, पोलिसांकडे तक्रारी होतात.

हे आक्षेप नेमके कशाला असतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जगभरातील आणि महाराष्ट्रातील उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली, तर पाश्चात्त्य देशांतील आक्षेप आणि आपल्याकडील आक्षेप यांची मुळेच वेगळी असल्याचे दिसते.

पाश्चात्त्यांची भीती जादूची

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेचे पहिले पुस्तक १९९७ मध्ये आले. काही वर्षांतच अमेरिकेतील अनेक पालक व चर्च त्याविरुद्ध उभे राहिले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक हरकती घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तीत ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. डिसेंबर २००१ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगॉर्डो येथे एका चर्चच्या आवारात या पुस्तकांची होळी करण्यात आली. आर्कान्सा राज्यातील सीडरव्हिल येथे शालेय ग्रंथालयातून ही पुस्तके मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय मिळू नयेत, असा निर्णय झाला. २००३ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवून पुस्तके पुन्हा मांडणीवर ठेवण्यास सांगितले. पोलंडमध्ये तर २०१९ मध्येही काही धर्मगुरूंनी या पुस्तकांना अग्नी दिला.

या विरोधामागे धर्मशास्त्राचा आधार होता. बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात मंत्रतंत्र, शकुन पाहणे व मृतात्म्यांना विचारणे यांना स्पष्ट मनाई आहे. जादू ही या श्रद्धेत करमणुकीची गोष्ट नाही. ते प्रत्यक्षात असलेले आणि धोकादायक क्षेत्र आहे, आणि म्हणूनच मुलांना त्याची गोडी लागू नये, असा हा युक्तिवाद होता. इस्लाममध्येही जादूटोणा निषिद्ध असल्याने २००२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील खासगी शाळांत या पुस्तकांवर बंदी आली.

या भूमिकेलाही अपवाद होतेच. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या कथांत चेटकीण आहे, बोलणारे प्राणी आहेत, जादूही आहे. तरीही २००५ मध्ये त्यावरील चित्रपट आला, तेव्हा अनेक चर्चनी त्याचे स्वागत केले, कारण त्या कथेचा गाभा ख्रिस्ती होता. याउलट २००७ मध्ये 'द गोल्डन कंपास' या चित्रपटावर अमेरिकेतील एका कॅथलिक संघटनेने बहिष्काराचे आवाहन केले, कारण मूळ कादंबरीचा रोख धर्मसत्तेवर होता. म्हणजे तेथेही जादू हा एकमेव निकष नव्हता. ती जादू कोणाच्या बाजूने बोलते, हेही पाहिले जात होते.

आपल्याकडे परीस ओळखीचाच

हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे आहे. लोखंडाचे सोने करणारा परीस मराठी वाचकाला नवा नाही. संतवाङ्मयात आणि लोककथांत तो जागोजागी भेटतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी सुरस कथा मराठीत आणायला घेतल्या, तेव्हापासून जिन, उडते गालिचे आणि मंतरलेल्या गुहा मराठी घरांत रुळल्या. पुढे 'चांदोबा'तील विक्रम-वेताळाने कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकिणीला पाहण्यासाठी मुले आजही आईवडिलांना नाट्यगृहात ओढून नेतात. त्या चेटकिणीमुळे कुणाच्या धार्मिक भावना दुखावल्याचे ऐकिवात नाही.

याबाबतीत २००७ मधील एक घटना बोलकी आहे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील एका दुर्गापूजा मंडळाने हॅरी पॉटरच्या जादूशाळेची प्रतिकृती उभारून तीत देवीची स्थापना केली. आक्षेप आला, पण तो धर्ममार्तंडांकडून नव्हे. स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचे सांगत लेखिका आणि चित्रपट कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने उत्सवापुरता मंडप राहू दिला. ज्या जादूशाळेच्या कथा अलामोगॉर्डोत जाळल्या गेल्या, तीच जादूशाळा येथे देवीचे मखर झाली. गणेशोत्सवात काल्पनिक राजवाडे आणि पाताळनगरीचे देखावे पाहत रात्र जागवणाऱ्या पिंपरी-चिंचवडकरांना यात नवल वाटणार नाही.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा २०१८ मधील चित्रपट कोकणातील एका गावाच्या पार्श्वभूमीवर घडतो. त्यात देवीचा लोभी पुत्र म्हणून हस्तर नावाचे एक नवेच दैवत कल्पिले आहे. पुराणांत नसलेले दैवत निर्माण करूनही या चित्रपटाच्या वाट्याला उल्लेखनीय विरोध आला नाही. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हाही प्रेक्षकांनी गर्दीच केली.

देहूची दोन उदाहरणे

मग आपल्याकडे आक्षेप कोठे येतो? त्याचे उत्तर शोधण्यासाठी देहूपेक्षा योग्य ठिकाण नाही. प्रभात फिल्म कंपनीने १९३६ मध्ये 'संत तुकाराम' हा चित्रपट काढला. त्यात चमत्कार आहेत आणि अखेरीस तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला जातात. त्या काळातील तंत्राने साधलेली ती अद्भुत दृश्ये प्रेक्षकांनी हात जोडून पाहिली. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही या चित्रपटाचा गौरव झाला.

त्यानंतर सुमारे सात दशकांनी, २००८ मध्ये, 'झोंबी'कार आनंद यादव यांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी आली. तीत वैकुंठगमनाचे विमान केंद्रस्थानी नव्हते, तर संसारातून, दुष्काळातून, चुकांतून घडत गेलेला माणूस होता. तुकोबांच्या तारुण्याविषयीच्या कल्पित वर्णनाला देहूतून आणि वारकरी संप्रदायातून तीव्र आक्षेप घेण्यात आला. यादव यांची महाबळेश्वर येथील ८२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली होती. त्यांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी विरोध शमला नाही. अखेर त्यांनी राजीनामा दिला आणि मार्च २००९ मधील संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले. प्रकरण न्यायालयातही गेले. यादव यांचे २०१६ मध्ये निधन झाले.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की आपल्या आक्षेपाचे स्वरूप स्पष्ट होते. गरुडाचे विमान कुणाला खटकले नाही, तारुण्यातला तुकाराम मात्र खटकला. म्हणजे अद्भुताला हरकत नव्हती, अद्भुत काढून घेण्याला होती. पाश्चात्त्य देशांत कल्पना फार उंच उडाली म्हणून धर्मगुरू अस्वस्थ झाले, तर येथे ती जमिनीवर उतरली म्हणून श्रद्धावान दुखावले गेले.

या दुखावण्याला केवळ असहिष्णुता म्हणून मोडीत काढणे योग्य ठरणार नाही. ज्यांच्या घरात गाथेचे नित्य पारायण होते, जे दरवर्षी पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालतात, त्यांच्या दृष्टीने तुकोबा ही केवळ इतिहासातील व्यक्ती नाही. घरातील वडीलधाऱ्याविषयी परक्याने काही रचून सांगावे, तशी त्यांची भावना असते. पण भावना खरी असणे वेगळे आणि त्या भावनेने दुसऱ्याचे पुस्तक दुकानातून काढून घेणे वेगळे. यादव यांच्या बाबतीत शासनाने बंदीचा आदेश काढण्याचीही गरज पडली नाही. दबावानेच काम झाले.

पडद्यावरचे देव

चित्रपटांच्या बाबतीतही हेच सूत्र दिसते. राजकुमार हिरानी यांचा 'पीके' डिसेंबर २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. परग्रहावरून आलेला एक जीव देवाचा पत्ता शोधत फिरतो, ही त्यातील कल्पना. परग्रहवासीयाला कुणाचाच विरोध नव्हता. विरोध झाला तो बुवाबाजीच्या थट्टेला आणि देवाच्या वेषातील पात्राच्या दृश्यांना. देशात काही ठिकाणी चित्रपटगृहांची मोडतोड झाली. महाराष्ट्रात गृह राज्यमंत्र्यांनी चौकशीची घोषणा केली, परंतु चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र असल्याने चौकशी होणार नाही, असे मुख्यमंत्र्यांनी स्पष्ट केले.

ओम राऊत या मराठी दिग्दर्शकाचा 'आदिपुरुष' जून २०२३ मध्ये आला. तो तर श्रद्धेने केल्याचा दावा असलेला चित्रपट होता. संगणकीय चित्रणाच्या बळावर रामायण आजच्या मुलांपर्यंत नेण्याचा त्याचा उद्देश सांगितला गेला. चित्रपटगृहांत हनुमंतासाठी एक आसन राखून ठेवण्यात आले. तरीही रावणाचे रूप आणि हनुमानाच्या तोंडची रस्त्यावरची भाषा यांवरून वादळ उठले. संवाद बदलावे लागले आणि संवादलेखकाने माफी मागितली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्मात्यांना खडे बोल सुनावले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जुलै २०२३ मध्ये त्या कार्यवाहीला स्थगिती दिली आणि प्रमाणपत्र रद्द करण्याची मागणी फेटाळली. दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, 'महावतार नरसिंह' हा अॅनिमेशनपट तशाच संगणकीय अद्भुताच्या जोरावर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. तंत्र तेच होते. फरक देवाच्या मर्यादेत होता.

हा प्रश्न एका धर्मापुरता नाही. २००६ मध्ये 'द दा विंची कोड' या चित्रपटाला मुंबईतील कॅथलिक संघटनांनी विरोध केला. गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. आंध्र प्रदेशातील बंदी पुढे तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली. तेथेही वादाचा मुद्दा येशूचे माणूसपण हाच होता.

कायद्याने आखलेली रेषा

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. भारतीय दंड संहितेचे कलम २९५ अ, म्हणजे जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, यात जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने केलेला धर्माचा अवमान हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ही तरतूद वैध ठरवताना हेतूवरच भर दिला. अनवधानाने दुखावलेली भावना या कलमात बसत नाही. १९८९ मधील रंगराजन खटल्यात न्यायालयाने सांगितले, की चित्रपटाचा परिणाम सामान्य, समंजस माणसाच्या नजरेतून तपासावा आणि मोर्चे व हिंसाचाराच्या धमक्यांपुढे शासनाने हार मानू नये.

महाराष्ट्राने तर याहून एक पाऊल पुढे टाकले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात हत्या झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या विधेयकावरील दीर्घ चर्चेत, कीर्तनात संतांचे चमत्कार सांगणेही गुन्हा ठरेल, अशी भीती अनेक वारकऱ्यांनी व्यक्त केली होती. म्हणून भजन, कीर्तन आणि होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांचे कथन कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचे त्यात स्पष्ट लिहिण्यात आले. चमत्काराची कथा सांगणाऱ्याला कायदा अडवत नाही. त्या नावाखाली कुणाला लुबाडणाऱ्याला किंवा इजा करणाऱ्याला तो अडवतो.

कथेला हे संरक्षण मिळावे, असा आग्रह श्रद्धावानांनीच धरला होता. मग तीच मोकळीक कादंबरीकाराला आणि दिग्दर्शकाला का नसावी, हा प्रश्न उरतोच. कथेने कुणाची फसवणूक केली का, कुणाविरुद्ध चिथावणी दिली का, एवढे पाहणे पुरेसे ठरावे. न आवडलेल्या पुस्तकावर टीका करावी, उत्तरादाखल दुसरे लिहावे, मुलांना घरी समजावून सांगावे, चित्रपटाचे तिकीट काढू नये. हे सर्व मार्ग खुले आहेत.

व्यवहारात मात्र निर्णय न्यायालयात होतच नाही. ग्रंथपाल वादाची शक्यता असलेले पुस्तक मागवत नाही, शाळा स्नेहसंमेलनातील नाटुकले बदलते, चित्रपटगृहाचा व्यवस्थापक काचा फुटण्यापूर्वीच खेळ काढून टाकतो. अशा माघारीची कोठेही नोंद होत नाही आणि तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. कामगार वसाहतीत वाढणाऱ्या ज्या मुलाला घराबाहेरचे जग पुस्तकांतूनच भेटणार असते, त्याचे नुकसान यात सर्वाधिक होते.

पुस्तकावरील आक्षेपाची सर्वांत जुनी आठवण या परिसराने जपली आहे. सतराव्या शतकात वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी तुकोबांच्या अभंगांना हरकत घेतली आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. पुढे रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले. आज म्हटली जाणारी तुकारामांची आरती त्यांच्याच नावावर आहे. देहूच्या गाथा मंदिराच्या भिंतींवर चार हजारांहून अधिक अभंग कोरलेले आहेत. बुडवण्याचा आदेश मिळालेले ते शब्द वाचायला आज राज्यभरातून लोक तेथे येतात. कोणत्याही पुस्तकाविरुद्ध निवेदन देण्यापूर्वी हा इतिहास आठवला, तरी पुष्कळ वाद टळतील.