उणे पाण्यातली सहल

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या गोष्टी काढणे म्हणजे चिवड्याच्या बशीशेजारी पन्ह्याचा पेला ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. पण इलाज नाही. आमच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीत दुसरा विषयच निघत नाही. आमच्यातले रसायनशास्त्राचे एक गृहस्थ २०२४ च्या उन्हाळ्यात सहकुटुंब भूमध्य समुद्रात जहाजाने फिरून आले, आणि तेव्हापासून त्यांचे जहाज रोज दुपारच्या चहाला आमच्या टेबलाला लागते. बार्सिलोनाला बसावे, रात्रभर झोपावे, सकाळी खिडकी उघडावी तो समोर फ्रान्स. आणखी दोन दिवसांनी नेपल्स आणि पाठीमागे व्हेसुव्हियस! जहाज कसले, नगरपालिकाच ती. पाचेक हजार माणसे, पोहण्याचे तलाव, नाटकगृह. समुद्रावर जाऊन पुन्हा तलावात कशाला डुंबायचे, असे मी एकदा विचारून पाहिले. मराठीच्या माणसाला असल्या गोष्टी कळायच्या नाहीत, अशा अर्थाचे हसू मिळाले.

त्यांची एकच तक्रार होती. पैसे मोजून गेले आणि पहिल्याच दिवशी, धक्का सोडण्यापूर्वी, साऱ्या उतारूंना शाळेतल्या पोरांसारखी कवाईत करायला लावली. भोंगा झाला की कुठे जमायचे, जाकीट कसे चढवायचे, कोणती होडी आपली! त्यांना हा वेळेचा अपव्यय वाटला. वाचकहो, या कवाइतीमागे मोठा इतिहास आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा साऱ्या उतारूंना पुरतील इतक्या होड्याच तिच्यावर नव्हत्या. त्यानंतर राष्ट्रांनी एकत्र बसून १९१४ साली समुद्रावरील सुरक्षिततेचा करार केला. पुढे याच भूमध्य समुद्रात, १३ जानेवारी २०१२ च्या रात्री, कोस्टा कॉनकॉर्डिया नावाचे सहलीचे जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटले आणि ३२ माणसे गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो उतारूंची कवाईत व्हायचीच होती. नियमच तसा सैल होता. मग नियम बदलला. आता आधी कवाईत, मग प्रवास. आमच्या सहकाऱ्यांचा जो अर्धा तास फुकट गेला, त्याची किंमत दुसऱ्यांनी आधीच भरलेली होती.

त्याच मे महिन्याच्या आरंभी आमचीही जलसफर झाली. बारामतीकराला पाणी पाहायला बाहेरच जावे लागते. मोरोपंतांच्या आमच्या या गावात कऱ्हा आहे खरी, पण वैशाखात तिच्याकडे पाहून कुणाला डुंबावेसे वाटणार नाही. आमचा समुद्र इंदापूर तालुक्यात आहे. भीमेवर उजनीला धरण बांधले, काम १९६६ ला सुरू झाले आणि १९८० ला पुरे झाले. त्या पाण्याला यशवंतसागर म्हणतात. भूमध्य समुद्राला भरतीओहोटी जवळजवळ नाहीच म्हणतात. आमच्या सागराला वर्षातून एकच भरती आणि एकच ओहोटी! भाद्रपदात तो तुडुंब असतो आणि ज्येष्ठाच्या तोंडाशी 'उणे' होतो.

हा 'उणे' शब्द बाहेरगावच्या वाचकाला चक्रावून टाकतो. पाणी शून्याहून कमी कसे? धरण म्हणजे तोटीचा रांजण समजा. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, त्यातले ६३ टीएमसीहून अधिक तोटीच्या खाली राहते. हिशेबाचा शून्य तोटीपाशी. त्याखालचे पाणी उपसू लागलात की आकडा उणे. त्या उन्हाळ्यात तो उणे साठच्या घरात गेला होता. हिशेबातला शब्द असला तरी मला तो फार अर्थपूर्ण वाटतो, कारण पाणी उणे झाले की बुडालेली गावे वर येतात.

माझ्या आईचे माहेर त्यातलेच, जुन्या पळसदेवचे. म्हणून तिलाही बरोबर घेतले. भिगवणच्या पुढे कुंभारगावला उतरलो. काठ मागे सरकलेला, त्यामुळे चिखल तुडवीत होडीपर्यंत जायचे. चिरंजीव आणि कन्यका केव्हाच उड्या मारून चढली. आमच्या सौभाग्यवती मात्र काठावरच उभ्या राहिल्या.

"जाकिटं कुठं आहेत?"

"वैनी, पाणीच किती हाय आता! पोरगंसुदिक चालत जाईल."

"मग आम्ही चालतच जातो."

होडीवाला हसला. पण बाई हलेनात, तेव्हा त्याने पोराला घरी पिटाळले. वीस मिनिटे आम्ही उन्हात उभे होतो. मागच्या होडीतली पुण्याची मंडळी तशीच निघून गेली आणि जाताना त्यांनी आमच्याकडे करुणेने पाहिले. पोरगे पाच जाकिटे घेऊन आले. आईने नऊवारीवर ते नारिंगी जाकीट चढवले, तेव्हा नातवंडांना हसू आवरेना.

मग पाणी काय सुंदर दिसले! रोहित पक्ष्यांचा थवा उथळात माना घालून चरत होता. होडी जरा जवळ गेली आणि सारा थवा उठला, तेव्हा पंखांखालचा तांबडा रंग एकदम उघडला. मुले ओरडली. होडीवाला चिलापी माशाच्या गोष्टी सांगत होता. (पुण्याचे सांडपाणी मुळामुठेतून भीमेत आणि तेथून इथेच येते, हे त्या घटकेला आठवू नये. वास आठवण करून देतो.) आई मात्र पक्ष्यांकडे पाहत नव्हती. ती वाकून पाण्यात पाहत होती.

"आज्जी, काय हुडकताय? तुमचं गाव खालच्या अंगाला ऱ्हायलं."

"ऱ्हाऊ दे. पाणी तर त्येच हाय."

दुपारी पळसदेवला गेलो. पळसनाथाचे दगडी देऊळ पाण्याबाहेर आले होते. भेगाळलेल्या गाळातून, शिंपल्यांवरून चालत तिथवर जाता आले. आजूबाजूला वीरगळ पडलेले. गाव वरती हलले, तेव्हा देवही नव्या देवळात गेला, तरी आईने चपला काढून रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले. मग बाहेर येऊन बोटाने हवेत दाखवू लागली : इथे वाट, इथे चिंच, इथे आमची पडवी. मुलांना सारा गाळच दिसत होता, पण ती ऐकत राहिली.

२१ मे रोजी, आम्ही परतून दोनच आठवडे झाले असतील, करमाळ्याकडल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीला येणारी एक होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली. होडीत सात जण होते. एक पोहून काठाला लागला, सहा बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. ही मंडळी सहलीला निघालेली नव्हती. धरण झाल्यापासून पलीकडच्या गावांना इंदापूर गाठायचे तर एक तर साऱ्या पाण्याला वळसा, नाही तर होडी. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक, सारे होडीनेच. आमच्या मौजेचे पाणी हा त्यांचा रस्ता आहे. कुगाव-शिरसोडी पुलाला मंजुरी मिळाली आहे. पूल होईल तेव्हा होईल, तोवर रोज वारा उठणारच.

बातमी वाचून सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. आईने दोन दिवस पेपर उघडला नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवायला आम्ही पुन्हा कुंभारगावला गेलो. या वेळी देऊळ पार पाण्याखाली होते आणि पाणी काठाशी डचमळत होते. होडीवाला तोच. होडीतच, इंजिनाशेजारी, जाकिटांची चळत दोरीने बांधून ठेवलेली. आमच्याकडे पाहून काही न बोलता त्याने दोरी सोडली आणि एकेक हातात दिले. एकाची कडी तुटलेली होती. सौभाग्यवतींनी पिशवीतून नाडी काढली, पाहुण्यांच्या पोराला घट्ट गाठ मारली, आणि होडी सुटली.