पहाटेची ओवी, रात्रीची अंगाई

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा नांदेड-लातुरात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. इथे लेकरांना झोपवायची वेळ आणि तिथे, माझ्या आजीच्या काळात, जात्याची घरघर चालू असायची वेळ.

मागच्या महिन्यात अहमदपूरला आईशी फोनवर बोलत होते. मांडीवर दीड वर्षाचा मुलगा किरकिर करत होता. "लेकरू कशाला रडायलंय? गाणं म्हण की," आई म्हणाली. मला गाता येत नाही, असं मी सांगितलं. "तुझी परीक्षा कोण घ्यायलंय? त्याला तुझा आवाज पाहिजे." एवढं बोलून तिने फोनवरूनच माझ्या आजीच्या ओव्या धरल्या. दुसऱ्या ओवीला मीही तिच्या मागून म्हणू लागले. पोरगं माझ्या तोंडाकडे बघत शांत झालं.

आजीला कुणी गाणं शिकवलं नव्हतं. जात्यापाशी समोर जाऊ बसायची, खुंट्यावर दोघींचे हात, एका पायावर निजलेलं लेकरू. खाली ज्वारीचं पीठ पडायचं आणि वर ओवी चालायची. त्या ओवीत लेकराचं नाव असायचं, माहेरचा भाऊ असायचा, पंढरीचा विठ्ठल असायचा आणि न बोललेलं दुःखही असायचं. लेकराला शब्द कळत नसत, पण आईच्या अंगाचा हेलकावा आणि तिचा आवाज एका लयीत मिळायचा. गिरणी आली आणि जातं आता लग्नाच्या हळदीपुरतं उरलं. हेमा राईरकर आणि गी पोइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या नसत्या, तर हा ठेवा बराचसा विरून गेला असता. 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यांतल्या कित्येक आज ऐकता येतात. ज्यांची आई-आजी आता नाही, त्यांनी जरूर ऐकाव्यात.

गाण्याने बाळ शांत होतं, हे प्रयोगातही दिसलं आहे. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्षाच्या आतल्या बाळांना तुर्की भाषेतली, म्हणजे त्यांनी कधीच न ऐकलेली, गाणी आणि बोलणं ऐकवलं. बोलणं ऐकताना बाळं चार मिनिटांच्या आसपास कुरकुरू लागली, गाण्याने मात्र सुमारे नऊ मिनिटं शांत राहिली. अनोळखी भाषेतल्या, ध्वनिमुद्रित गाण्याची ही ताकद असेल, तर पोटात असल्यापासून ऐकलेल्या आईच्या आवाजाचं काय सांगावं!

इथे आलेल्या आपल्यातले कितीतरी जण 'लातूर पॅटर्न'मध्ये, म्हणजे क्लास आणि परीक्षांच्या कडक तयारीत घडले. त्या शिस्तीने आपल्याला इथवर आणलं, हे मी मान्य करते. पण तीच सवय आपण गाण्यालाही लावली. पोर तीन वर्षांचं झालं की पियानोचा क्लास, तबल्याचा क्लास, आणि झोपताना मात्र टॅबलेटवरची बालगीतं. क्लास चांगलेच आहेत. पण क्लासला सोडून आपण गाडीत फोन बघत बसतो, तेव्हा गाणं लेकराचं एकट्याचं होतं. ते दोघांचं राहत नाही.

बापांनाही मी हेच सांगेन: लेकराला जवळ घेऊन स्वतः गा. गावातल्या हरिनाम सप्ताहात माझे वडील मला मांडीवर घेऊन बसत आणि माझे दोन्ही तळहात आपल्या हातात धरून टाळी वाजवत. त्यांनी मला जवळ घेतल्याच्या माझ्या बहुतेक आठवणी भजनातल्याच आहेत.

तेव्हा विनंती अशी. या आठवड्यात घरी फोन करा आणि आईला, मावशीला, सासूबाईंना एक पाळणा किंवा दोन ओव्या म्हणायला सांगा. नांदेडची असो, उदगीरची असो, बोली आहे तशी राहू द्या, शब्द सुधारू नका. ध्वनिमुद्रण करून ठेवा, पण लेकराला ते लावून देऊ नका; पाठ करून स्वतः म्हणा. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या पुढच्या भेटीत पहिला अर्धा तास फक्त पाच वर्षांखालच्या मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा ठेवला आहे. माईक नसेल, स्पर्धा नसेल. सतरंजी असेल. लेकरांना मांडीवर घेऊन या.